आभार मानायला लावण्याआधी: नातवासोबत एक कुंडी आणि एक ताट

नातू सात वर्षांचा आहे. अर्धा भात ताटात टाकून तो उठला, तेव्हा मी नेहमीचं भाषण सुरू केलं. शेतकरी, पाऊस, कष्ट, धरणीमाता, काही सोडलं नाही. त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, मग मी सॉरी कुणाला म्हणू?"

मला उत्तर सुचेना. ज्यांना त्यानं कधी पाहिलंच नाही, त्यांचे आभार मानायला मी त्याला सांगत होते. तेव्हा ठरवलं, आधी ओळख करून द्यायची. आभाराचं मग बघू.

पहिला प्रयोग फसला, तोही माझ्यामुळे. भातावरून सुरू झालं म्हणून डब्यातले तांदूळ कुंडीत पेरले. नऊ दिवस पोरगं रोज सकाळी वाकून बघायचं. काही उगवेना. मग डोक्यात प्रकाश पडला: गिरणीत तांदूळ पांढरा करताना कोंड्याबरोबर अंकुरही निघून जातो. दाणा हातात घेऊन त्याला टोकाशी असलेली बारीक खाच दाखवली. "इथं बाळ होतं." त्यानं बराच वेळ तो दाणा खाली ठेवला नाही. फजिती झाली खरी, पण भाषणानं जे झालं नव्हतं ते त्या खाचेनं केलं.

तुम्ही मात्र राजमा घ्या. राजमा म्हणजे घेवड्याचंच वाळलेलं बी, आणि ते मुलाच्या बोटांत मावेल एवढं मोठं असतं. (कच्चा राजमा पोटाला बाधतो, तेव्हा तोंडात घालू देऊ नका.) रात्री आठ-दहा दाणे भिजत घाला. सकाळी एक दाणा मुलालाच सोलू द्या. दोन फाका उघडल्या की मधे इवलीशी दुमडलेली पानं दिसतात. झाड आधीच आत असतं, हे त्याचं त्यालाच दिसू द्या. तुम्ही गप्प राहा. मला ते जमत नाही, पण प्रयत्न करा.

बाकीचे दाणे तळाला भोकं असलेल्या कुंडीत, साधारण बोटाच्या एका पेराइतके खोल टोचा. ऊब असेल तर आठवडाभरात कोंब वर येतो. पाणी घालायचं काम पूर्णपणे मुलाचं. माती बोटाला कोरडी लागली तरच घालायचं, एवढं एकदा सांगा. तो तरी जास्त घालणारच, आणि एखादं रोप कुजणार. म्हणूनच दाणे जास्त लावायचे. गुपचूप नवं रोप आणून ठेवू नका. आमचं एक मेलं तेव्हा तो चिडला, रडला, आणि त्या दिवसापासून बोट घालून बघायला लागला.

बुटक्या जातीला दोनेक महिन्यांत शेंगा येतात. मुलासाठी दोन महिने म्हणजे एक युग. मधल्या काळात एखादं काकडीचं फूल दाखवता आलं तर जरूर दाखवा. घेवड्याचं फूल स्वतःचं स्वतः भागवतं, काकडीच्या बहुतेक जातींना मात्र मधमाशी लागते. काही फुलांमागे बोटभरही नसलेली काकडी असते, ती मादी. नुसत्या देठावरची फुलं नर. माशीनं पराग नेला नाही तर ती चिमुकली काकडी पिवळी पडून गळते. आम्ही एका सकाळी मऊ ब्रशनं माशीचं काम करून पाहिलं. पाच फुलांत त्याचं डोकं दुखायला लागलं. त्याच संध्याकाळी मधाचा चमचा हातात देताना सांगितलं, की एक कामकरी माशी जन्मभर राबून चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा भाग मध करते. आदल्या दिवशी सांगितलं असतं तर तो आकडा कानामागे गेला असता.

झाडं फुलावर आली की एक रोप मुळासकट उपटा. जीवावर येतं, पण उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. नखानं फोडा. आत गुलाबी दिसलं तर समजायचं की तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून झाडाला पुरवताहेत. सगळ्याच मातीत गाठी येतात असं नाही. आमच्या मोजून चार निघाल्या. "हे कामाला आहेत?" त्यानं विचारलं. आहेत म्हटलं.

आमच्या वाट्याला अकरा शेंगा आल्या. खाणारे चौघं. त्या मी मुद्दाम दुसऱ्या भाजीत मिसळल्या नाहीत, वेगळ्या शिजवल्या आणि वाढायचं काम त्याला दिलं. प्रत्येकी दोन झाल्या, तीन उरल्या. त्या तीन शेंगांचं काय करायचं यावर बराच वेळ विचार झाला. शेवटी एक बापाला, एक आईला आणि एक स्वतःला. मला दोनच. वाईट वाटलं, पण बोलले नाही.

रोजच्या जेवणात मी एवढंच करते: "आज ताटात कोण कोण आलंय?" असं विचारते. तो एक घास निवडतो आणि मागे मागे जातो. पोळी, पीठ, गहू, माती, पाऊस. ट्रकवाला त्यानंच घातला, मला सुचला नव्हता. कंटाळला की थांबायचं. याची परीक्षा केलीत तर दोन दिवसांत खेळ संपेल.

दोन गोष्टी मी सोडल्या. "कितीतरी मुलांना हेही मिळत नाही" हे वाक्य, कारण त्यानं मूल फक्त ओशाळतं. आणि ताट संपवायची सक्ती. आता थोडंच वाढते, लागलं तर परत. टाकणं आपोआप कमी झालं. तरी जे उरतं, त्यातल्या कच्च्या साली आणि देठं जुन्या बादलीत जातात, वर दुपटी-तिपटीनं सुका पाला. बादलीला भोकं हवीत, आणि अधूनमधून ढवळायला हवं. वास आला तर पाला कमी पडलाय. काही महिन्यांत काळं, भुसभुशीत खत होतं. ते त्याच कुंडीत.

शेवटच्या दोन-तीन शेंगा तोडू नका. झाडावरच वाळून खुळखुळू द्या, मग दाणे काढून कागदी पाकिटात ठेवा. आमच्या पाकिटावर त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "आजी, हे शिजवू नको." परवा चष्मा नव्हता, तर मी ते भिजत घालायला निघाले होते. त्यानं धावत येऊन हातातून काढून घेतलं.