बोटीच्या इंजिन पेटीतली हवा अन् वायरिंग: सेल मारायच्या आधी हे करा

गोसीखुर्दच्या पाण्यावर आता डोंग्यांसोबत इंजिनवाल्या बोटीही फिरून राहिल्या. पवनीकडच्या एका मासेमार भावानं जुन्या कारचं पेट्रोल इंजिन बोटीत बसवलं अन् वायरिंग मी केलं. मला ट्रॅक्टर अन् मोटारपंपाची सवय, म्हणून रिले (करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच), मेन स्विच सगळं इंजिनच्या पेटीतच ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी सेल मारायच्या आधी झाकण उचललं तर पेट्रोलचा असा भपकारा आला की हात तिथंच थांबला, कार्ब्युरेटरजवळची नळी क्लिपखालून थेंब थेंब गळत होती. तेव्हा स्विच दाबला असता तर, हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येते.

गाडीत गळलेलं पेट्रोल रस्त्यावर पडते अन् वाऱ्यानं उडून जाते. बोटीत खाली बंद तळ आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती पाण्यासारखी तळाशी जाऊन बसते, अन् हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी एक ठिणगी पुरते. डिझेलवाल्यांनो, तुम्हीही निवांत राहू नका, आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते) कमीत कमी 35 डिग्री ठरवलेला आहे अन् मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं पारा 45 च्या वर जाते, बंद पेटीत तर अजून जास्त.

म्हणून पेटीला वरून दोन भोकं पाडली म्हणजे काम झालं असं नाही. हवा आत यायला एका बाजूनं तोंड ठेवा, अन् दुसऱ्या बाजूनं ब्लोअर, म्हणजे हवा ओढून बाहेर फेकणारा पंखा, लावून त्याचा पाईप खाली तळाजवळ सोडा, पेटीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, पण तळात साचणाऱ्या पाण्याच्या वर, नाहीतर पाईपात पाणी बसते अन् ब्लोअर नुसता आवाज करते. पाईप मधे लोंबू देऊ नका. हवा बोटीच्या बाहेरच सोडा. घरचा एक्झॉस्ट फॅन किंवा गाडीच्या रेडिएटरचा फॅन चालत नाही, रेडिएटर फॅनच्या ब्रशवाल्या मोटारीत तर ठिणग्या उडतात, बोटीसाठीचा इग्निशन प्रोटेक्टेड ब्लोअरच घ्या, म्हणजे ज्याच्या आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवत नाही असा. सेल मोटार अन् अल्टरनेटरही तसेच पाह्यजेत. गाडीचे वरून सारखेच दिसतात पण उघडे असतात, इथं पैसे वाचवू नका भाऊ.

बॅटरी शक्यतो पेटीच्या बाहेर, पट्ट्यानं घट्ट बांधून. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघते, तो हलका, म्हणून तिच्या खोक्याला वरून भोक लागते. प्लसच्या वायरीवर बॅटरीपासून 18 सेंटिमीटरच्या आत फ्यूज, म्हणजे एका वितीपेक्षा जवळ. सेल मोटारीच्या जाड केबलीचं तेवढं वेगळं, बाकी सगळ्यांना फ्यूज. मेन स्विच, रिले, ब्लोअरचं बटण सगळं पेटीच्या बाहेर.

घरातली एकतारी वायर वापरूच नका, इंजिनच्या थरथरीनं ती आतून तुटते. बारीक तारांची, कलई केलेली तांब्याची घ्या. साधी वायर मी वर्षभरानं कापून पाह्यली तर आवरणाखाली हिरवी भुकटी, तार बोटानं तुटत होती. जाडीत कंजुषी नको: 5 मीटर जाणं अन् 5 मीटर येणं, 5 अँपिअरचा ब्लोअर, तर 1 स्क्वेअर एमएमच्या वायरीत जवळपास 0.9 व्होल्ट गळते, 2.5 मध्ये 0.35 च्या आसपास. जोड पिळून टेप गुंडाळायचा नाही, लग (वायरीच्या टोकाचं धातूचं टोपण) पकडीनं दाबून म्हणजे क्रिम्प करून वरून हीट श्रिंक (गरम केलं की आवळणारी नळी). वायर तळापासून उंच, दर 45 सेंटिमीटरला क्लिप, अन् फळीतून किंवा पत्र्यातून जाते तिथं भोकात रबरी कडी (ग्रोमेट) नक्की, काहून की पत्र्याच्या कडेनं आवरण सोलून निघते अन् शॉर्ट तिथंच होते. काम करताना आधी मायनस काढा, लावताना मायनस शेवटी.

पेट्रोल भरताना इंजिन बंद, ब्लोअर बंद, झाकण बंद, बिडी तर नाहीच. कॅन बोटीत ठेवून भरू नका, काठावर जमिनीवर ठेवून भरा. भरून झालं की झाकण उघडून नाकानं वास घ्या, मग ब्लोअर निदान 4 मिनिटं चालवा, पुन्हा वास घ्या, तेव्हा सेल. बोट हळू चालत असली की ब्लोअर चालूच ठेवा. 4 मिनिटांनीही वास येत असला तर बॅटरीचा स्विच बंद करून माणसं काठावर उतरवा अन् गळणारी नळी शोधा, गळती बहुतेक क्लिपखालीच सापडते.