कोळंबीची कवचं मऊ पडत होती, खाद्य बदलल्यावर जमलं

शिरोळकडं आमच्या शेततळ्यात स्कॅम्पी सोडलेली, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी. खर्च वाचवायला मी निव्वळ शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा टाकत होतो, म्हशीला चालतंय तर हिला का नाही, असा आपला हिशोब. दोन महिन्यात कवचं बोटानं दाबली की आत जायची, कात टाकताना कितीतरी अडकून मरायच्या आणि मऊ पडलेलीला बाकीच्या कुरतडायच्या.

मग कळलं की कोळंबीला कात टाकायला लागणारं कोलेस्टेरॉल स्वतःच्या अंगात बनवता येत नाही, ते खाद्यातनंच लागतं आणि पेंड-कोंड्यात ते जवळजवळ नसतंच. प्रोटीन पण ३०-३५ टक्के पाहिजे, कोंडा जास्त झाला की ते खाली येतं. म्हणून सुकट कुटून घातली, सोबत सोयाबीन पेंड, मिनरल मिक्श्चर, आणि मैद्याच्या खळीत मळून बायकोच्या शेवयाच्या मशीनमधनं काढून वाळवलं (तिचं बोलणं वेगळं ऐकलं). खळ नसली तर खाद्य पाण्यात लगेच विरतं, आणि ही कोळंबीबाई सावकाश कुरतडत बसती.

आता जास्त खाद्य संध्याकाळी, कारण ती रात्रीची फिरती. थोडं खाद्य ठेवून पाण्यात सोडलेला चेक ट्रे दोन तासानं वर काढतो, उरलं असलं की उद्या कमी. परवा एक धरायला गेलो तर कवच टणक, डोक्यावरच्या काट्यानं अंगठाच फाडला.