देवाची शिक्षा आणि माणसाचे इच्छास्वातंत्र्य : अभ्यासवर्गात हा प्रश्न कसा हाताळावा

सांगली, मिरज आणि सातारा या भागांतील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये तरुणांचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, चालतो, तेथे एक प्रश्न हमखास निघतो. देवाने माणसाला निवडीचे स्वातंत्र्य दिले असेल, तर चुकीची निवड केल्याबद्दल तो शिक्षा का करतो, आणि शिक्षेची टांगती तलवार डोक्यावर असताना केलेली निवड स्वतंत्र कशी म्हणायची? वर्ग घेणारा बहुतेक वेळा दोन वचने वाचून विषय संपवतो किंवा ‘हे गूढ आहे’ असे सांगून पुढे सरकतो. दोन्ही प्रकारांनी विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. ज्यांना हा वर्ग घ्यायचा आहे, मग ते पाळक असोत, मंडळीचे वडीलजन असोत किंवा तरुण संघाचे कार्यकर्ते, त्यांच्यासाठी पुढील मांडणी आहे.

आधी प्रश्नाचा गुंता सुटा करून घ्यावा

या एका प्रश्नात निदान तीन प्रश्न गुंतलेले असतात, आणि उत्तर देण्यापूर्वी ते फळ्यावर वेगवेगळे लिहावेत. पहिला प्रश्न भीतीचा आहे : शिक्षेच्या धाकाने घेतलेला निर्णय मोकळा असतो का? दुसरा पूर्वज्ञानाचा आणि पूर्वनियोजनाचा आहे : मी काय करणार हे देवाला आधीच ठाऊक असेल, किंवा त्यानेच ते ठरवले असेल, तर माझी जबाबदारी कुठे उरते? तिसरा पतित स्वभावाचा आहे : माणूस जन्मतःच पापाकडे झुकलेला असेल, तर न झेपणाऱ्या गोष्टीबद्दल त्याला दोष कसा द्यावा? या तिन्हींची उत्तरे निरनिराळी आहेत, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले की चर्चा भरकटते.

कोणीतरी चौथा प्रश्नही काढील. साठ-सत्तर वर्षांच्या पापाला अनंतकाळची शिक्षा का, असे तो विचारील. हा प्रश्न खरा आणि जड आहे, परंतु तो न्यायाच्या प्रमाणाचा आहे, स्वातंत्र्याचा नाही. तो टाळू नये. त्याच्यासाठी वेगळी बैठक ठेवावी आणि तसे त्याच वेळी सांगावे.

पाया : शिक्षा स्वातंत्र्य गृहीत धरते

सुरुवात जुन्या करारापासून करावी. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 30व्या अध्यायात मोशे लोकांपुढे जीवन आणि मरण, आशीर्वाद आणि शाप ठेवतो आणि जीवन निवडून घ्या असे सांगतो. यहोशवाच्या 24व्या अध्यायात कोणाची सेवा करायची ते आज ठरवा असे आवाहन आहे. ज्याला निवडताच येत नाही त्याला असे आवाहन करण्यात अर्थ नसतो. छतावरून सुटलेल्या दगडाने एखाद्याचे डोके फुटले तर आपण दगडावर खटला भरत नाही. शिक्षा आणि इजा यांत फरक आहे तो इथेच, कारण करणारा जबाबदार असल्याशिवाय शिक्षेला शिक्षा म्हणता येत नाही. म्हणून ‘शिक्षा आहे, म्हणजे स्वातंत्र्य नाही’ हा युक्तिवाद उलट्या टोकाने धरलेला आहे. स्वातंत्र्य नसते तर शिक्षा अन्याय्य ठरली असती, ही त्या वाक्याची योग्य मांडणी होय, आणि ती ख्रिस्ती परंपरेतील जवळपास सर्वांना मान्य होईल.

प्रेषितांच्या कृत्यांतील 5वा अध्याय इथे अवश्य वाचावा. जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग ठेवून घेऊन खोटे बोललेल्या आणि तत्काळ मरण पावलेल्या हनन्या आणि सप्पीरा या पतिपत्नीची गोष्ट कठोर आहे आणि म्हणून ती वर्गात सहसा वगळली जाते. परंतु शिक्षेच्या आधी प्रेषित पेत्र हनन्याला काय विचारतो ते पाहावे : जमीन विकण्यापूर्वी ती तुझीच नव्हती काय, आणि विकल्यावरही पैसा तुझ्याच हाती नव्हता काय? दान देण्याची सक्ती नव्हती, म्हणूनच खोटे बोलण्याचा दोष त्याच्यावर येतो.

आपल्याकडचा श्रोता या टप्प्यावर कर्मसिद्धांत आठवतो, आणि ‘पेरावे तसे उगवते’ हे वाक्य तर गलतीकरांस पत्राच्या 6व्या अध्यायातील वचनाशी जुळतेही. हे साम्य मान्य करावे, पण तिथेच थांबू नये. ख्रिस्ती श्रद्धेत फळ देणारी केवळ एक व्यवस्था नाही, न्याय करणारी व्यक्ती आहे, आणि व्यक्ती असल्यामुळे ती क्षमाही करू शकते. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केल्यावर जाहीर झालेली शिक्षा टळली आणि ती जाहीर करणारा संदेष्टा योना त्यावर रुसला, ही कथा त्या फरकाचे उत्तम उदाहरण आहे.

धमकी आणि इशारा

आता पहिला प्रश्न. कृष्णेचे पाणी चढू लागले की सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी सांगून नदीकाठची घरे रिकामी करण्याची सूचना दिली जाते. ती ऐकून घर सोडणारा माणूस घाबरलेला असतो, तरीही त्याचे स्वातंत्र्य कोणी हिरावले असे आपण म्हणत नाही. उलट, सूचना मिळाल्यामुळेच त्याला खरी निवड करता येते. धमकी देणारा नसलेले संकट स्वतःच्या लाभासाठी उभे करतो, इशारा देणारा असलेले संकट ऐकणाऱ्याच्या हितासाठी सांगतो. यहेज्केलाच्या 33व्या अध्यायातील पहारेकऱ्याचे चित्र याच जातीचे आहे, आणि त्याच अध्यायात दुष्टाच्या मरणात देवाला संतोष नाही, त्याने वळावे आणि जगावे यात आहे, असे म्हटले आहे.

हा दाखला वर्गात चांगला चालतो, पण तो कुठे लंगडा पडतो हे आपणच आधी सांगावे, नाहीतर एखादा चाणाक्ष मुलगा ते सांगेल. सूचना देणाऱ्या कर्मचाऱ्याने नदी निर्माण केलेली नसते. ख्रिस्ती विश्वासानुसार देव नदीचाही निर्माता आहे आणि काठाचाही. मग संकट ‘आधीच होते’ असे म्हणून त्याला बाजूला काढता येत नाही.

या आक्षेपाला परंपरेने दिलेले सर्वांत वजनदार उत्तर असे की, अंतिम शिक्षा ही बाहेरून लादलेली वेगळी गोष्ट नसून निवडीचेच पूर्णत्वाला गेलेले रूप आहे. जीवनाचा उगम देव असेल, तर त्याच्यापासून दूर जाणे म्हणजेच जीवनापासून दूर जाणे, आणि उगमापासून तुटूनही जिवंत राहणारा प्राणी निर्माण करणे ही मुळातच अर्थहीन कल्पना आहे. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात नरकाची व्याख्या देवाच्या सहवासातून माणसाने स्वतःला कायमचे वगळून घेणे अशीच केली आहे, आणि नरकात जाण्यासाठी देव कोणालाही नेमून ठेवत नाही असेही स्पष्ट म्हटले आहे. योहानाच्या 3ऱ्या अध्यायात 16वे वचन सर्वांना पाठ असते, पण इथे उपयोगी आहे 19वे : जगात प्रकाश आला, आणि माणसांनी अंधार पसंत केला, हाच निवाडा.

तरीसुद्धा सगळी शिक्षा परिणामात विरघळवून टाकू नये. जलप्रलय, सदोम नगराचा नाश, हनन्या या कथांत देव स्वतः कृती करतो, आणि तो केवळ बाजूला उभा राहिला असे म्हणणे त्या मजकुराशी प्रामाणिक नाही.

फारो : या प्रकरणाला सर्वाधिक वेळ द्यावा

खरी गाठ निर्गमाच्या पुस्तकात आहे. इस्राएल लोकांना सोडायला नकार देणाऱ्या मिसरच्या राजाचे, फारोचे, मन देवच कठीण करतो आणि मग त्या कठीणपणाबद्दल त्याला शिक्षा करतो, असे वरवर वाचता दिसते. इथे व्याख्यान देऊ नये. सर्वांना निर्गम 4 ते 14 हे अध्याय उघडायला सांगावेत आणि मन कठीण झाल्याचा प्रत्येक उल्लेख वहीत तीन रकान्यांत लिहून काढायला लावावा : ‘देवाने केले’, ‘फारोने स्वतः केले’, आणि ‘झाले’, म्हणजे कर्ता न सांगता. एकदा हे काम केलेला माणूस विषय विसरत नाही.

हाती लागते ते असे. 4:21 आणि 7:3 मध्ये देव पुढचे सांगताना ‘मी कठीण करीन’ म्हणतो. फारोच्या नकारामुळे मिसरावर येणाऱ्या दहा पीडा सुरू झाल्यावर मात्र पहिल्या पाच पीडांत ‘देवाने कठीण केले’ असे वाक्य नाही. तिथे मन कठीण ‘झाले’ असे येते, आणि 8:15 व 8:32 मध्ये तर फारोनेच ते कठीण केले असे स्पष्ट आहे. देवाने कठीण केल्याचा पहिला उल्लेख सहाव्या पीडेनंतर, 9:12 मध्ये आहे. त्यानंतरही 9:34 मध्ये फारो पुन्हा स्वतःच कर्ता होतो.

यावरून एक वाचन उभे राहते. माणूस पुन्हापुन्हा नकार देतो आणि देव अखेरीस त्याला त्याच्याच नकाराच्या हवाली करतो. रोमकरांस पत्राच्या 1ल्या अध्यायात ‘देवाने त्यांना स्वाधीन केले’ हा विचार 24, 26 आणि 28 या तीन वचनांत येतो तो याच अर्थाने. इथे शिक्षा स्वातंत्र्य मोडत नाही, ती त्या स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब करते. मला हे वाचन पटते. परंतु दुसरी बाजू वर्गासमोर ठेवलीच पाहिजे : 4:21 हे वचन फारोच्या कोणत्याही नकाराच्या आधीचे आहे, आणि प्रेषित पौल रोमकरांस 9 मध्ये कुंभार आणि मातीचा दृष्टान्त देऊन देवाच्या अधिकारावरच बोट ठेवतो. रोमकरांस 9 वाचून वर्ग संपवला तर ऐकणारे खिन्न होऊन जातात, म्हणून वाचन 11व्या अध्यायाच्या 32व्या वचनापर्यंत न्यावे, जिथे सर्वांना आज्ञाभंगात कोंडण्याचा हेतू सर्वांवर दया करणे हा सांगितला आहे.

परंपरांचा परिचय

इतिहास थोडक्यात सांगावा, तारखांची जंत्री करू नये. धर्मपंडित ऑगस्टीनने (354–430) आधी इच्छास्वातंत्र्याचा जोरदार पुरस्कार केला आणि माणूस स्वतःच्या इच्छेने चांगले करू शकतो असे मानणाऱ्या पेलागियसशी झालेल्या वादात कृपेवाचून पतित इच्छा चांगल्याकडे वळू शकत नाही यावर भर दिला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच वादातून येते : इच्छा नष्ट झालेली नाही, ती आजारी आहे, आणि तिला बरे करणारी कृपा स्वातंत्र्याची शत्रू नसून त्याचे औषध आहे. 529 साली ओरेंज येथील धर्मसभेने कृपेची आद्यता मान्य केली, पण देवाने कोणाला दुष्टतेसाठी नेमले आहे ही कल्पना फेटाळली. कॅथलिक विद्वान इरॅस्मसने 1524 साली इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली आणि प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने पुढच्याच वर्षी तिचे खंडन केले. 1618–19 च्या डॉर्ट येथील सभेत देवाची कृपा माणूस नाकारू शकतो हे आर्मिनियसच्या अनुयायांचे मत नाकारले गेले, आणि पुढे मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने त्याच मताला नव्याने बळ दिले.

मिरजेच्या वर्गात हे दूरचे वाटू नये. तेथे 1894 साली रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वॉनलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे होते, आणि प्रेस्बिटेरियन परंपरा पूर्वनियोजनावर भर देणाऱ्या कॅल्विनच्या विचाराची वारस आहे. त्या परंपरेच्या 1646 सालच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात, घडणारे सर्व काही देवाने ठरवले आहे, तरीही तो पापाचा कर्ता नाही आणि प्राण्यांच्या इच्छेवर त्यामुळे बळजबरी होत नाही, अशी दोन्ही विधाने शेजारीशेजारी आहेत. ती कशी जुळतात याचा खुलासा तेथे नाही. ज्यांना हे अपुरे वाटते त्यांना ते तसे म्हणू द्यावे.

दुसऱ्या प्रश्नातील पूर्वज्ञानाचा भाग त्यामानाने सोपा आहे. सहाव्या शतकाच्या आरंभी तुरुंगात मृत्यूची वाट पाहत असताना रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने असे मांडले की देव काळाच्या बाहेर असल्याने तो पुढचे ‘आधी’ पाहत नाही, सर्व काळ एकदमच पाहतो, आणि पाहिल्याने कोणाची कृती सक्तीची होत नाही. सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मपंडित मोलिनाने याहून बारीक विणकाम केले. ते हुशार आहे, पण संध्याकाळच्या वर्गात त्यात शिरू नये, माणसे घड्याळाकडे पाहू लागतात.

आपत्तीबद्दल बोलताना

ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर ‘हा देवाचा कोप’ अशी वाक्ये अनेक घरांत उच्चारली गेली, आणि अशी वाक्ये प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर उच्चारली जातात. वर्ग घेणाऱ्याने इथे ठाम असावे. लूक 13 मध्ये शिलोहातील बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतर यरुशलेमकरांपेक्षा अधिक दोषी होते काय, असे येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. योहान 9 मध्ये जन्मांधाच्या अंधत्वामागे त्याचे किंवा आईबापांचे पाप नाही असे तो सांगतो. नीतिमान असूनही दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या दुःखाला शिक्षा ठरवणाऱ्या मित्रांवर शेवटच्या अध्यायात देवच रागावतो. शिक्षा आहे असे मानणे वेगळे, आणि समोरच्याचे दुःख ही त्याची शिक्षा आहे असे ओळखल्याचा आव आणणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीचा अधिकार शास्त्र कोणाला देत नाही. ज्याच्या घरात नुकतेच कोणी वारले आहे असा कोणी वर्गात असेल, तर या बैठकीत तोच भाग आधी घ्यावा आणि बाकीची चर्चा पुढे ढकलावी.

शेवटी एक प्रश्न येतोच, आणि आपल्या भागात तो पुस्तकी नसतो : ज्यांनी सुवार्ता कधी ऐकलीच नाही, त्या माझ्या आजीचे काय? निवड समोर आलीच नाही तर निवडीची शिक्षा कशी, हा त्यातला तर्क अचूक आहे. रोमकरांस 2:14–15 वाचावे, जिथे नियमशास्त्र नसलेल्यांच्या अंतःकरणात लिहिलेल्या नियमाची गोष्ट आहे. 1964 साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन सभेने, स्वतःच्या दोषाशिवाय सुवार्ता न कळलेल्या परंतु प्रामाणिकपणे देवाला शोधणाऱ्यांना तारण मिळू शकते असे म्हटले आहे, तर अनेक इव्हँजेलिकल (सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळ्या याहून अधिक कडक मत धरतात, हेही सांगावे. उत्पत्तीच्या 18व्या अध्यायात अब्राहाम खुद्द देवालाच विचारतो की सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय, आणि देव त्याला गप्प बसवत नाही. वर्ग घेणाऱ्याने तेवढे वाचून दाखवावे, आणि कोणाच्याही आजीबद्दल स्वतः निकाल देऊ नये.