हिमोफिलिया सेंटरला नर्स म्हणून जायचंय? मग आधी हे शिकून घ्या

नर्सिंगच्या कोर्समध्ये हिमोफिलियाला, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराला, जेमतेम एक पान मिळतं. फॅक्टर ८ (रक्त गोठवणारं प्रथिन) कमी तर ए, ९ कमी तर बी, आई कॅरियर (सदोष जनुक वाहणारी), मुलाला आजार, संपलं. मग ड्युटीवर पहिला पोरगा येतो, गुडघा दिसायला एकदम नॉर्मल, आणि म्हणतो सिस्टर, आत रक्त सुटलंय. नवीन नर्स इथेच चुकते, सूज कुठाय म्हणून विचारत बसते. अहो सूज मागून येते, आधी सांध्यात मुंग्या येतात, गरम लागतं, जरा आखडल्यासारखं होतं, आणि जो हे लहानपणापासून सोसतोय त्याला ते तुमच्या-माझ्या आधी कळतं. त्यामुळे त्याचं ऐकायचं, फॅक्टरचं इंजेक्शन आधी आणि तपासण्या नंतर, शक्यतो दोन तासांच्या आत. डोक्याला मार लागला असेल तर स्कॅनच्या लायनीत ताटकळत ठेवायचं नाही, फॅक्टर देऊनच पाठवायचं. यासाठी डॉक्टरांच्या सहीचा प्रोटोकॉल फाइलला आधीपासून लावलेला हवा, ऐनवेळी सही शोधत फिरण्यात वेळ जातो.

आता हिशोब. साध्या फॅक्टर ८ चं एक युनिट दर किलोमागे दिलं की लेव्हल साधारण २ टक्के वाढते, फॅक्टर ९ ची साधारण १ टक्का. म्हणजे २० किलोच्या मुलाची लेव्हल ४० टक्क्यांनी वाढवायची असेल तर ८ चे ४०० युनिट लागतात आणि ९ चे ८००. ८ च्या वायल २५० च्या असतील तर दोन फोडा आणि ५०० पूर्ण द्या, उरलेलं फेकू नका, महाग औषध आहे ते. पावडरमध्ये पाणी घातल्यावर बाटली खळखळ हलवायची नाही, हळूहळू गोल फिरवायची, नाहीतर नुसता फेस होतो. तयार झालं की लगेच आणि सावकाश द्यायचं.

शीर हा तर स्वतंत्र विषयच आहे. या पेशंटला आयुष्यभर याच शिरा वापरायच्यात, म्हणून बारीक बटरफ्लाय, २३ किंवा २५ नंबरची, आणि सुई काढल्यावर निदान ३ ते ५ मिनिटं दाब धरायचा, मध्येच कापूस उचलून बघायचा नाही (ही खोड सगळ्यांनाच असते, मलाही होती). आयएम (स्नायूतलं) इंजेक्शन टाळायचं, लस शक्य असेल तर चामडीखाली. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन अजिबात नाही, पॅरासिटामॉल चालतं. आणि पोटात उजवीकडे खाली दुखतंय, मांडी सरळ होत नाही असं असेल तर अपेंडिक्सच धरून बसू नका, सोआस (कमरेपासून मांडीकडे जाणाऱ्या) स्नायूतला रक्तस्रावही असाच दिसतो.

हे सगळं शिकायचं कुठे? रजिस्टर्ड नर्स असणं ही पहिली पायरी, पुढचं खरं ट्रेनिंग मोठ्या हिमोफिलिया सेंटरमध्ये जुन्या नर्सच्या शेजारी उभं राहूनच होतं, फिजिओवाल्यांबरोबर सांधे तपासायला बसायचं, लॅबमध्ये जाऊन फॅक्टर कसा मोजतात ते बघायचं. वर्ल्ड फेडरेशन ऑफ हिमोफिलियाची २०२० ची गाइडलाइन वाचून काढा, त्यात नर्सला टीमचा मुख्य भाग धरलंय, नुसती सुई टोचणारी नाही.

कारण निम्मं काम शिकवण्याचं असतं. आईला घरी फॅक्टर द्यायला शिकवायचं, आधी तुम्ही दाखवायचं, मग तिने तुमच्यासमोर, मग एकटीने. हात थरथरतात, रडतात बायका, तिथे घाई करून उपयोग नाही. मुलगा साधारण दहा-बारा वर्षांचा झाला की त्याच्याच हातात सुई द्यायची. शाळेशी बोलायचं, दात काढायचा असेल तर डेंटिस्टला आधी कळवायचं, बहिणीची फॅक्टर लेव्हल तपासून घ्यायला सांगायचं कारण कॅरियर बाईची लेव्हलही कमी असू शकते आणि बाळंतपणात ते भोवतं.

इनहिबिटरवर डोळा ठेवा. सिव्हिअर ए मध्ये जवळपास ३० टक्के मुलांचं शरीर फॅक्टरविरुद्धच अँटिबॉडी बनवतं, बहुतेकदा पहिल्या ५० डोसांच्या आत. नेहमीच्या डोसने रक्त थांबत नाहीये असं आईने म्हटलं की लगेच डॉक्टरांना सांगून टेस्टला पाठवा. बी मध्ये तर इनहिबिटरसोबत जोरदार ॲलर्जीही येऊ शकते, म्हणून सुरुवातीचे डोस हॉस्पिटलमध्येच, ॲड्रेनलिन हाताशी ठेवून.

आणि डायरी. तारीख, कुठला सांधा, किती युनिट, वायलचा बॅच नंबर, सगळं. ८० च्या दशकात फॅक्टरमधूनच हजारो पेशंटना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी झाला, म्हणून बॅच नंबरला कंटाळा करायचा नाही. एमिसिझुमॅबवर (फॅक्टर ८ चं काम करणारं औषध) असलेल्या पेशंटच्या फाइलवर मोठ्या अक्षरात तसं लिहून ठेवा, ते चालू असताना एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी टेस्ट) नॉर्मल दिसतो आणि रात्रपाळीचा डॉक्टर तो रिपोर्ट बघून सगळं ठीक आहे म्हणत घरी पाठवून देतो.