सुई कुठे घालायची? : प्रोस्टेटचा एमआरआय वाचायला शिकताना

रेडिओलॉजीच्या एमडीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी प्रोस्टेटचा पहिला एमआरआय रिपोर्ट लिहिला. चार ओळींचा. ‘ग्रंथी वाढलेली, उजवीकडे संशयास्पद भाग, पीएसएशी ताडून पाहावे.’ (पीएसए म्हणजे रक्तात मोजलं जाणारं प्रोस्टेटचं प्रथिन, ते वाढलं की कॅन्सरचा संशय येतो.) सरांनी वाचला आणि एवढंच विचारलं, “बरं, मग यूरोलॉजिस्टने सुई कुठे घालायची?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. उजवीकडे म्हणजे वर, मध्ये की खाली? पुढच्या भागात की मागच्या? हे मी पाहिलंच नव्हतं, कारण पाहायचं असतं हेच माहीत नव्हतं.

आता माझ्याकडे ज्युनिअर्स शिकायला बसतात आणि त्यांचेही पहिले रिपोर्ट असेच असतात, म्हणून हे लिहितेय.

ही तपासणी एवढी महत्त्वाची का झाली ते आधी. पूर्वी पीएसए वाढलेला दिसला की गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालून दहा-बारा ठिकाणचे तुकडे घ्यायचे, म्हणजे बायोप्सी करायचे. गाठ नेमकी कुठे आहे हे माहीत नसताना. २०१७ साली ब्रिटनमधला प्रॉमिस हा अभ्यास आला. ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय केला, मग ती नेहमीची बायोप्सी, आणि शिवाय खरं उत्तर कळावं म्हणून दर ५ मिलिमीटरला एक अशी सगळ्या ग्रंथीची बायोप्सी. गंभीर कॅन्सर पकडण्यात एमआरआयची संवेदनशीलता ९३ टक्के निघाली, जुन्या बायोप्सीची ४८. हा ९३ चा आकडा प्रत्येक कॉन्फरन्समध्ये पहिल्या स्लाइडवर असतो. त्याच अभ्यासात एमआरआयची स्पेसिफिसिटी ४१ टक्के होती, ते मात्र कुणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही. साधा अर्थ असा की ज्यांना गंभीर कॅन्सर नव्हता, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांमध्येही एमआरआयने संशय घेतला. नवशिक्याचे पहिले सहा महिने या खोट्या संशयांतच जातात.

माझे पहिले धडे रिपोर्टिंग रूममध्ये नाही, कन्सोलवर, म्हणजे जिथून मशिन चालवतात तिथे झाले. आमचे सीनिअर टेक्नॉलॉजिस्ट, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते पेशंट टेबलावर घेण्याआधी हमखास विचारायचे, “काका, पोट साफ झालंय ना?” मला आधी हसू यायचं. पण गुदाशयात हवा असेल तर नेमका तिला लागून असलेला प्रोस्टेटचा मागचा भाग डिफ्युजनच्या (पेशींभोवतीच्या पाण्याची हालचाल टिपणाऱ्या) चित्रात ताणला जातो, वाकतो, कधी दिसेनासा होतो. आणि बहुतेक कॅन्सर त्याच मागच्या भागात, पेरिफेरल झोनमध्ये, होतात. मामा लोकलायझरवरच, म्हणजे जागा ठरवायला काढलेल्या पहिल्या झटपट चित्रावरच हवा हेरायचे आणि काकांना परत संडासला पाठवायचे. रांगेतले नातेवाईक कुरकुरायचे, मामा ढिम्म.

तेव्हा पहिला महिना कन्सोलवर बसा. बाहेरून येणारे कितीतरी स्कॅन ‘पेल्विस’च्या प्रोटोकॉलवर केलेले असतात. स्लाइस ५ मिलिमीटरची, डिफ्युजनची बी-व्हॅल्यू (ते चित्र पाण्याच्या हालचालीला किती संवेदनशील, तो आकडा) ८०० वर थांबलेली. प्रोस्टेटसाठी टी-२ ची (रचना दाखवणाऱ्या, पाणी पांढरं दिसणाऱ्या चित्रांची) स्लाइस ३ मिलिमीटरची लागते आणि बी-व्हॅल्यू किमान १४००. मशिनचं चुंबक दीड टेस्ला ताकदीचं असलं तरी काम होतं, प्रोटोकॉल चुकीचा असला तर तीन टेस्लानेही होत नाही. खुब्यात धातूचा सांधा आहे का, हल्लीच बायोप्सी झालीय का, हेही तिथेच कळतं. बायोप्सीनंतरचं रक्त ग्रंथीत आठवडेच्या आठवडे राहतं आणि फसवतं. म्हणून टी-१ ची चित्रं, ज्यांत असं रक्त उजळ दिसतं, कंटाळा न करता आधी बघायची.

वाचण्याची पद्धत पायरॅड्स या नियमावलीत आहे, तिच्यात संशयाला १ ते ५ गुण देतात. सध्या २०१९ ची २.१ आवृत्ती चालते. ती दोनदा वाचून पाठ होईल, पण तिच्यामागची शरीररचना डोक्यात बसायला वेळ लागतो. निरोगी पेरिफेरल झोन पाणी प्यायलेल्या स्पंजसारखा असतो, टी-२ वर पांढरा. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने वाढतात, पाण्याला हलायला जागा उरत नाही. म्हणून डिफ्युजनवर तो भाग उजळतो आणि डिफ्युजनवरूनच काढलेल्या एडीसी मॅपवर काळा पडतो. या झोनमध्ये गुण डिफ्युजनवरून द्यायचे. आतल्या ट्रान्झिशन झोनमध्ये मात्र वयोमानाने झालेल्या गाठींचा बाजार भरलेला असतो, तिथे मुख्य भरवसा टी-२ वर. कडा स्पष्ट असलेली गोल गाठ बहुधा निरुपद्रवी. कोळशाने काढलेलं चित्र बोटाने फरकटावं तसा कडा नसलेला काळा डाग दिसला, तर थांबायचं.

माझ्या दोन चुका सांगते. पहिली, ग्रंथीच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंना काळे भाग दिसले आणि मी ४ गुण देऊन मोकळी झाले. तो सेंट्रल झोन होता, प्रत्येक पुरुषात असतो. कोरोनल चित्रात तो मिशीसारखा दिसतो, दोन्ही बाजूंना सारखा. सरांनी स्वतःच्या मिशीवरून बोट फिरवून दाखवलं, ते आजवर विसरले नाही.

दुसरी चूक जास्त बोचली. मोठा, गडद, डिफ्युजनवर झगझगीत भाग, मी बेधडक ५ दिले. बायोप्सीत कॅन्सर नव्हताच, ग्रॅन्युलोमॅटस प्रोस्टेटायटिस, म्हणजे ग्रंथीचा एक प्रकारचा दाह निघाला. त्या गृहस्थांना पूर्वी मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजीची (टीबीच्या लसीतल्या जंतूंची) औषधं आत सोडली होती. फॉर्मवर कुणी लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला विचारायला संकोच वाटला होता. साठी-सत्तरीचे काका, समोर पंचविशीची मुलगी, लघवीच्या तक्रारी कोण कुणाला सांगणार? आता मी स्कॅनच्या आधी स्वतः बाहेर जाऊन बसते आणि सरळ विचारते : टीबी झाला होता का, मूत्राशयात औषध सोडलं होतं का, लघवीला जळजळ होते का. आधी गावाची चौकशी केली की काका बोलतात. आपल्याकडे टीबीचा प्रश्न विसरून चालत नाही.

तेव्हापासून एक वही ठेवली. डावीकडे माझे गुण आणि गाठीची जागा, उजवीकडची बाजू रिकामी. बायोप्सीचा निकाल आला की पॅथॉलॉजीत जाऊन तो भरायचा. रिपोर्टिंगची गती वाढल्याचं कौतुक सगळे करतात, पण मी शिकले ते उजव्या बाजूमुळे.

‘ॲडव्हान्स्ड’ तंत्रांबद्दल मुलं फार उत्सुक असतात, म्हणून थोडं त्याविषयी. स्पेक्ट्रोस्कोपीचा, म्हणजे एमआरआयवर ग्रंथीतली रसायनं मोजण्याचा, एकेकाळी बोलबाला होता. सायट्रेट कमी, कोलीन जास्त, म्हणजे कॅन्सर. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हा प्रश्न अजून येतो, तेव्हा वाचून ठेवा. रोजच्या कामातून ती जवळपास गेलीच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधलं व्हर्डिक्ट हे तंत्र मला जास्त आशेचं वाटतं. ते डिफ्युजनच्या सिग्नलमधून पेशींतलं, पेशींबाहेरचं आणि रक्तवाहिन्यांतलं पाणी वेगळं काढू पाहतं. ल्युमिनल वॉटर इमेजिंग ग्रंथीच्या पोकळ्यांतलं पाणी मोजतं. एआयसुद्धा आता गंभीरपणे घ्यावं असं झालंय.

पण आपल्याकडच्या पेशंटच्या दृष्टीने मोठी बातमी तंत्र कमी करण्याची आहे. २०२५ साली प्राइम या अभ्यासाने दाखवलं की गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारं इंजेक्शन) न देता केलेला छोटा एमआरआय गंभीर कॅन्सर शोधण्यात पूर्ण एमआरआयपेक्षा कमी पडत नाही, दोन्हींत गंभीर कॅन्सर सापडण्याचं प्रमाण साधारण २९ टक्के. वेळ वाचतो, इंजेक्शनचा खर्च वाचतो. अट एकच : चित्रं चांगली हवीत. म्हणजे पुन्हा मामांचाच प्रश्न.

“म्हणजे आता सुई टळली ना?” हे काका हमखास विचारतात. गुण १ किंवा २ असतील तर बऱ्याचदा टळते, ४-५ असतील तर टळत नाही. एमआरआय कॅन्सर सिद्ध करत नाही, सुईला पत्ता देतो. अडचण ३ ची. तिथे ग्रंथीचं आकारमान कामाला येतं : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि त्याला ०.५२ ने गुणा. ५ × ४.५ × ५ ची ग्रंथी सुमारे ५८ मिलिलिटरची होते. पीएसए ५.८ असेल तर त्याला या आकारमानाने भागून ०.१ येतो, आणि ०.१५ च्या खाली असल्यामुळे यूरोलॉजिस्ट बहुधा थांबून पाहतो. तोच ५.८ पीएसए २५ मिलिलिटरच्या ग्रंथीत असेल तर ०.२३, मग सुई. हा भागाकार रिपोर्टमध्ये स्वतः करून लिहा. गर्दीच्या ओपीडीत कॅल्क्युलेटर काढायला कुणाला वेळ नसतो.