सागाची विरळणी: अंतर किती, तोड कधी

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडच्या उतारावर साग लावायचा असेल, तर आधी एक ठरवा: चार-सहा वर्षांत त्यातली निम्मी झाडं काढायला, म्हणजे विरळणी करायला, हात धजावेल का? धजावणार असेल तर 2 × 2 मीटर, म्हणजे एकरी साधारण 1000 सागजड्या (लावणीसाठी छाटलेली मूळ-खोडाची रोपं). नसेल तर सरळ 3 × 3, एकरी 450. दाट लावून तसंच सोडणं सगळ्यांत वाईट. पाणी धरणारी काळी जमीन सागाला मुळात नकोच, तिथे अंतराचा हिशेब करू नका.

दाटीत झाडं उजेडासाठी सरळ चढतात, खालच्या फांद्या बारीक असतानाच वाळतात, खोड साफ राहतं. पण शेंडे एकमेकांत शिरले की उंची वाढते आणि घेर अडतो. असा बुंधा कापून पाहा: मधली वलयं रुंद, कडेची पुस्तकाच्या पानांसारखी चिकटलेली. खोड बारीक, म्हणून गाभा (मधलं गडद, पक्कं लाकूड) थोडा, आणि भाव गाभ्याला असतो.

विरळ लावणीत घेर लवकर भरतो, पण फांद्या जाड होतात, खोड निमुळतं होतं. म्हणून फांदी अंगठ्याएवढी होण्याआधी करवतीने काढा. बुडाशी फुगीर कडं दिसतं, ते शाबूत ठेवून त्याला लागून कापा. कोयत्याने साल फाटते. खुंटी राहिली तर खोड तिच्याभोवती वाढतं आणि पुढे फळीतून ती मेलेली गाठ निसटून भोक पडतं. वरच्या अर्ध्या झाडाला हात लावू नका.

2 × 2 च्या बागेत शेंडे भिडले की पहिली विरळणी: एक आड एक तिरकी ओळ काढायची. अंतर 2.8 मीटर होतं. ठेवायचं झाड दुबेळक्याचं (दोन शेंड्यांचं) किंवा वाकडं असेल तर ते काढून शेजारचं ठेवा. चुन्याने खूण तोडीआधीच करा. दहाव्या वर्षाच्या आसपास एक आड एक सरळ ओळ काढली की 4 × 4, एकरी 250. उशीर करून एकदम मोकळं केलंत तर उघड्या खोडावर पाणफुटवे (खोडातूनच फुटणाऱ्या नव्या फांद्या) येतात, पुन्हा गाठी.

साग अनुसूचित, म्हणजे वृक्षतोड कायद्याच्या यादीतलं झाड आहे. सातबाऱ्यावर नोंद, तोडीआधी परवानगी आणि वाहतुकीचा पास लागतो, विरळणीलाही. तोडलेले बुंधे पावसाळ्यात फुटतात, ते कोंब कोवळे असतानाच काढा, नाहीतर दोन वर्षांत पुन्हा तीच दाटी.