पुदिन्याची कुंडी आधी मातीवरून उचला

मृग तोंडावर आला आहे. पुदिन्याची कुंडी परसात, बांधावर किंवा वाफ्याच्या कडेला थेट मातीवर टेकवली असेल तर आजच उचला. बाकीचा सल्ला नंतर वाचा.

कुंडीत लावला की पुदिना पसरत नाही, हा गैरसमज मी बऱ्याच जणांना महाग पडलेला पाहिला आहे. आमच्या भागात एकाने आल्याच्या वाफ्याला लागून दोन कुंड्या ठेवल्या होत्या. ऑगस्टमध्ये उचलायला गेलो तर हलेचनात. हिसका दिला तेव्हा तळाच्या भोकातून पांढऱ्या खोडांचा अंगठ्याएवढा जुडगा बाहेर आला. दुसरं टोक आल्याच्या गड्ड्यांत शिरलेलं. गड्याने घाईत कुदळ चालवली आणि तिथेच घात झाला. तुटलेल्या तुकड्याला एक जरी पेर असलं तरी तो फुटतो, अगदी हरळीसारखा. शेवटी आलं पुदिन्यात हात घालून शोधावं लागलं, आणि तेही बारीकच भरलं.

म्हणून कुंडीखाली दोन विटा उभ्या ठेवा. खालून हात फिरवता आला पाहिजे, आणि पावसाळ्यात दर आठ दिवसांनी तो फिरवायचाच. भोकातून पांढरं टोक दिसलं की कात्रीने कापा. दुसरी वाट काठावरून. फांदी लोंबून ओल्या मातीला टेकली की पेरातून मुळं सुटतात, तेव्हा लोंबती फांदी खुडून चटणीला घ्या. कुंडी जमिनीत पुरायची असेल तर काठ दोन बोटं वर ठेवा, पण तळाची भोकं मातीतच राहतात. मी तरी पुरत नाही.

दुकानदार भोकाला लावायची जाळी देईल. जाळी माती अडवते, मुळं नाही. कापडी ग्रो बॅगही मातीवर ठेवली तर मुळं कापडातून आरपार जातात. मुळं फुटायची पावडर तर घेऊच नका. मंडईतल्या जुडीतल्या ताज्या काड्या पाण्याच्या ग्लासात ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळं धरतात.

लागवडीचं थोडक्यात:

कुंडी: तोंड १२ इंच, खोली ८ ते १० इंच. तेलाचा १५ लिटरचा डबाही चालतो.
भोकं: चार-पाच, करंगळीएवढी.
भरण: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. काळी माती असेल तर वाळू वाढवा.
ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी, पावडर मिळते): किलोभर शेणखताला १० ग्रॅम.
काड्या: वीतभर, दोन पेरं मातीत.
जागा: सकाळचं ऊन, दुपारची सावली.

खाली ताटली ठेवू नका. पावसात ती भरते, मुळं कुजतात आणि डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच. मोरीच्या सांडपाण्यावर पुदिना जोमात येतो खरा, पण पान आपण कच्चं खातो.

झड लागली की पानांच्या मागे नारिंगी पुटकुळ्या बघा. तो तांबेरा. फवारत बसू नका, सगळा पाला बुंध्याशी कापून जाळा, नवी फूट बहुधा स्वच्छ येते. अळी किंवा मावा असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी. त्यानंतर आठवडाभर पाला खुडू नका. माझा अनुभव असा की पुदिना दाट झाला की मावा हमखास येतो, म्हणून मी पंधरा दिवसांनी कापतोच, घरात लागो न लागो.

वर्षभरात कुंडीच्या मधोमध टक्कल पडतं आणि कोंब काठाला गोळा होतात. तेव्हा गड्डा बाहेर काढून कडेचे ताजे तुकडे नव्या भरणीत लावा. उरलेली खोडं उकिरड्यावर टाकू नका, शेणखतातून ती पुढच्या वर्षी सगळ्या शेतात जातील. पावसाची उघडीप बघून पत्र्यावर पसरा आणि हातात कडकन मोडेपर्यंत वाळवा.